एक वाट, दोन वेग: पादचारी आणि सायकलस्वार यांच्यातील सौजन्याचा विचार

पहाटेचा अंधार विरळ होऊ लागला, की पणजीत मांडवीच्या काठाने कांपाल ते मिरामार या पट्ट्यात माणसांची वर्दळ सुरू होते. गुडघ्यांना व्यायाम मिळावा म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालणारे निवृत्त गृहस्थ, गप्पांच्या नादात चौघी-चौघी एका ओळीत चालणाऱ्या मैत्रिणी, बाबागाडी ढकलणारे तरुण पालक, समुद्राकडे पाठ करून छायाचित्रे काढणारे पर्यटक, हेल्मेट घालून निघालेले हौशी सायकलस्वार आणि जुन्या सायकलीच्या हँडलला जेवणाचा डबा अडकवून कामावर निघालेला गवंडी. रायबंदरचा सतराव्या शतकातला सेतू असो, मडगाव-फातोर्ड्याचा परिसर असो किंवा राज्यातील एखादा नवा सुशोभित किनारमार्ग असो, सकाळ-संध्याकाळचे चित्र थोड्याफार फरकाने हेच असते. वाट एक असते; तिच्यावरचे वेग मात्र निरनिराळे असतात.

हे वेग परस्परांशी जुळले नाहीत, तर काय होते? बहुधा मोठा अपघात होत नाही. मागून आलेली सायकल खांद्याला चाटून जाते, एखादे आजोबा दचकून कडेला होतात, चार कटू शब्दांची देवाणघेवाण होते आणि दोघेही आपापल्या वाटेने जातात. या प्रसंगाची नोंद पोलीस ठाण्यात होत नाही, रुग्णालयात होत नाही आणि वृत्तपत्रातही होत नाही. तरीही त्याचा परिणाम घडतोच. एकदा दचकलेली वृद्ध व्यक्ती दुसऱ्या दिवशी फिरायला येताना कचरते आणि हळूहळू घरातच बसू लागते. उतारवयात पडण्याने खुब्याचे हाड मोडले, तर पुन्हा पूर्वीसारखे चालता येईलच याची शाश्वती नसते, हे तिला ठाऊक असते. दुसऱ्या बाजूला, ‘सायकलींना इथे बंदीच घाला’ अशी मागणी जोर धरते आणि ती मान्य झाली, तर तो डबेवाला गवंडी मालमोटारी आणि बसगाड्यांच्या गर्दीत ढकलला जातो. म्हणजे सौजन्याचा अभाव ही केवळ शिष्टाचारातील उणीव राहत नाही. वाट कोणाची राहणार आणि कोणाला ती सोडावी लागणार, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

आधी वाट ओळखावी

पुष्कळसे वाद हे आपण नेमक्या कोणत्या वाटेवर आहोत, याविषयीच्या गोंधळातून जन्माला येतात. ढोबळमानाने अशा वाटा तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार पदपथाचा. तो केवळ चालणाऱ्यांसाठी असतो. तिथे सायकलस्वाराने उतरून सायकल हाताने ढकलत न्यावी. सायकल ढकलणारा माणूस व्यवहारात पादचारीच असतो. दुसरा प्रकार सायकल मार्गाचा. तिथे सायकलीला प्राधान्य असते आणि पादचाऱ्याने तो शक्यतो सरळ ओलांडावा, त्यावर रेंगाळू नये. तिसरा प्रकार सामायिक मार्गाचा. तिथे दोघांनाही येण्याजाण्याचा समान हक्क असतो, आणि म्हणूनच सौजन्याची खरी कसोटी तिथे लागते.

जर्मनीत हा भेद एका साध्या खुणेने दाखवला जातो. निळ्या वर्तुळाकार फलकावर पादचारी आणि सायकल यांची चित्रे असतात. दोन चित्रांच्या मध्ये आडवी रेघ असेल, तर वाट दोघांना मिळून वापरायची असते. उभी रेघ असेल, तर प्रत्येकाचा पट्टा वेगळा असतो. एका रेघेच्या दिशेने अर्थ बदलतो आणि तो शाळकरी मुलालाही कळतो. आपल्याकडे पुष्कळदा फरशीचा रंग बदललेला असतो, कुठे सायकलीचे पुसट झालेले चित्र असते, तर कुठे काहीच नसते. मग चालणाऱ्याला वाटते की हा पदपथ आहे, सायकलस्वाराला वाटते की हा सायकल मार्ग आहे, आणि दोघेही स्वतःच्या दृष्टीने योग्यच वागत असतात. जिथे खूण स्पष्ट नाही, तिथे ती वाट सामायिक आहे असे समजून, अधिक वेगवान माणसाने अधिक काळजी घ्यावी, हा व्यवहार्य मार्ग होय.

वेगाचे गणित

सौजन्याची गरज का भासते, हे समजण्यासाठी थोडे अंकगणित उपयोगी पडते. सामान्य माणूस ताशी सुमारे ५ किलोमीटर वेगाने चालतो. साधी सायकल सहजपणे ताशी १८ किलोमीटर वेग घेते. म्हणजे दर सेकंदाला ५ मीटर. समोर अचानक मूल आले, तर ते दिसून ब्रेक दाबेपर्यंत सुमारे दीड सेकंद जातो, असे धरू. तेवढ्या वेळात सायकल साडेसात मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या जमिनीवर, चांगल्या ब्रेकनिशी ती थांबायला आणखी सुमारे चार मीटर लागतात. एकूण अंतर होते साडेअकरा मीटरांच्या आसपास. हाच वेग निम्म्यावर आणला, ताशी ९ किलोमीटर ठेवला, तर थांबण्याचे अंतर पाच मीटरांच्या आत येते. याउलट ताशी २५ किलोमीटर वेगाला ते अठरा मीटरांहून अधिक होते.

धडकेच्या आघाताचे गणित तर याहून कठोर आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. त्यामुळे गर्दीच्या जागी वेग निम्मा करणे म्हणजे धोका निम्मा करणे नव्हे. तो त्याहून पुष्कळ अधिक कमी होतो.

‘पण त्यात वेळ किती जाईल?’ हा प्रश्न साहजिक आहे. अर्ध्या किलोमीटरचा गर्दीचा पट्टा ताशी १८ किलोमीटर वेगाने पार करायला १०० सेकंद लागतात आणि ताशी ९ किलोमीटर वेगाने २०० सेकंद. फरक पडतो तो एक मिनिट चाळीस सेकंदांचा. एखाद्या वृद्धाचे हाड शाबूत राहावे, यासाठी एवढी किंमत मोजणे कोणालाही जड वाटू नये.

घंटी ही सूचना आहे, हुकूम नव्हे

सामायिक वाटेवरील सर्वांत मोठा वाद घंटीवरून होतो. घंटी वाजवली तर पादचारी म्हणतात, ‘आम्हाला बाजूला हाकलता काय?’ नाही वाजवली तर म्हणतात, ‘मागून न सांगता कसे आलात?’ दोन्ही तक्रारींत तथ्य आहे, कारण त्या दोन वेगवेगळ्या चुकांविषयी आहेत. पहिली चूक घंटी उशिरा आणि जोरात वाजवण्याची. दुसरी ती मुळीच न वाजवण्याची.

ताशी १८ किलोमीटर वेगाने येणाऱ्या सायकलस्वाराने चालणाऱ्यापासून पाच मीटरांवर घंटी वाजवली, तर त्या माणसाला जेमतेम दीड सेकंद मिळतो. एवढ्या वेळात आवाज कोणत्या बाजूने आला हे ठरवणे आणि योग्य दिशेला सरकणे अवघड असते. माणूस दचकून मागे वळतो आणि वळताना नेमका सायकलीच्या वाटेत येतो. तीच घंटी वेग ताशी १२ किलोमीटरवर आणून, पंधरा मीटर अंतरावरून एकदा हलकेच वाजवली, तर पादचाऱ्याला सात-आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात तो शांतपणे डावीकडे होतो आणि त्याला अपमानही वाटत नाही.

हा विचार नवा नाही. ब्रिटनमध्ये १८८८ च्या स्थानिक स्वराज्यविषयक कायद्याने सायकलीला गाडीचा दर्जा दिला आणि रस्त्यावर पादचाऱ्याला मागे टाकण्यापूर्वी ‘वाजवी अंतरावरून’ घंटीने, शिट्टीने किंवा अन्य प्रकारे ऐकू येईल अशी सूचना देण्याचे बंधन सायकलस्वारावर घातले. ते बंधन पुढे रद्द झाले. पण त्यातील ‘वाजवी अंतर’ ही कल्पना आजही तितकीच उपयुक्त आहे. ब्रिटनच्या सध्याच्या वाहतूक संहितेतही सामायिक मार्गावर सायकलस्वाराने वेग कमी करावा, गरज पडल्यास थांबावे, घंटीने किंवा नम्रपणे हाक देऊन आपण आल्याचे कळवावे आणि मागून वेगाने किंवा अगदी जवळून जाऊ नये, असे सांगितले आहे. जपानमध्ये तर पदपथावरील पादचाऱ्यांना बाजूला करण्यासाठी घंटी वाजवणेच नियमबाह्य मानले जाते. तिथे सायकलस्वाराने हळू जावे आणि अडथळा होत असेल तर थांबावे, अशी अपेक्षा असते. दोन देशांच्या पद्धती वेगळ्या आहेत. परंतु वाट मोकळी करून घेण्याचे हत्यार म्हणून घंटीकडे पाहू नये, याबाबत त्यांच्यात एकमत आहे.

गोमंतकीय माणसाला हे समजण्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. सायकलीवर टोपली बांधून दारोदार पाव देणारा पोदेर आपला रबरी भोंगा वाजवतो, तेव्हा कोणी रागावत नाही. तो आवाज ‘बाजूला व्हा’ असे सांगत नाही. ‘मी आलो आहे’ एवढेच सांगतो. वळणाआधी वाजणारा, ओळखीचा आणि घाई नसलेला तो आवाज म्हणजे पूर्वसूचना कशी असावी, याचा उत्तम नमुनाच होय.

घंटीहून प्रभावी साधन म्हणजे माणसाचा आवाज. ‘काका, उजवीकडून जातो’, ‘ताई, जरा वाट द्याल?’ अशा एका वाक्यात आपण कोण, कुठे आणि काय करणार, हे सारे येते. आषाढीच्या वारीत, जिथे गोव्यातूनही दिंड्या जातात, लाखोंच्या गर्दीत पुढे सरकणारा वारकरी ‘माउली’ म्हणून हाक देतो आणि वाट होते. त्या एका संबोधनात समोरच्याचा मान राखलेला असतो. आणि वाट मिळाल्यावर उच्चारलेले ‘धन्यवाद’ किंवा नुसता वर केलेला हात पुढच्या सायकलस्वाराचेही काम सोपे करतो, कारण वाट देणाऱ्याला आपण दिलेली वाट वाया गेली नाही, हे त्यातून कळते.

सायकलस्वाराने काय पाळावे

पहिला नियम डाव्या बाजूचा. आपल्या देशातील सर्व वाहतूक डावीकडून चालते. सामायिक मार्गावरही तेच धोरण ठेवावे आणि पुढे जायचे असल्यास उजवीकडून, निदान एक हात अंतर राखून जावे. दुसरा नियम जागेचा. चालत्या सायकलीला तिच्या डुलण्यासह सुमारे एक मीटर रुंदी लागते. दोन माणसे शेजारी शेजारी चालायला दीड मीटर लागतो. मध्ये सुरक्षित अंतर धरले, तर निदान तीन मीटर रुंदी हवी. ती नसेल, तर घुसण्याचा प्रयत्न न करता थांबावे किंवा सरळ खाली उतरावे. खाली उतरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तिसरा नियम अनिश्चिततेचा. लहान मूल, पट्ट्याने बांधलेला कुत्रा, मोबाइलकडे पाहत चालणारा माणूस आणि छायाचित्रासाठी मागे मागे सरकणारा पर्यटक या चौघांची पुढची हालचाल सांगता येत नाही. ते दिसताच ब्रेकवर बोटे ठेवावीत. कुत्रा वाटेच्या एका बाजूला आणि मालक दुसऱ्या बाजूला असेल, तर मधली दोरी सायकलस्वाराला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

चौथा नियम गटाने फिरणाऱ्यांसाठी. सुटीच्या दिवशी पंधरा-वीस सायकलस्वार एकत्र निघतात. सामायिक मार्गावर त्यांनी एकामागून एक जावे आणि पहिल्याने ‘मागे आणखी आहेत’ असे सांगावे. पादचारी पहिल्या सायकलीला वाट देऊन पुन्हा मध्ये येतो आणि दुसरीशी गाठ पडते, असे वरचेवर घडते. ज्यांना वेगाचा सराव करायचा आहे, त्यांच्यासाठी सामायिक मार्ग ही जागाच नव्हे. तो सराव पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, दिवे आणि हेल्मेट यांच्यासह करावा.

विजेवर चालणाऱ्या सायकलींचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. ज्यांच्या मोटरची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, अशा हलक्या सायकली ठरावीक अटींवर आपल्या नियमांत ‘मोटार वाहन’ मानल्या जात नाहीत. त्यांना परवाना लागत नाही. परंतु त्यांचा वेग पायाच्या श्रमातून येत नसल्याने चालवणाऱ्याला तो जाणवतही नाही. परवाना नाही म्हणून जबाबदारी कमी होत नाही. उलट येथे ती वाढते.

पादचाऱ्याने काय पाळावे

सौजन्य एकतर्फी असू शकत नाही. वेगवान माणसाची जबाबदारी मोठी असली, तरी चालणाऱ्याचीही काही कर्तव्ये आहेत. त्यांतील पहिले म्हणजे अंदाज येईल असे चालणे. सरळ रेषेत चालणारा माणूस सायकलस्वाराला कळतो. एकाएकी आडवा वळणारा कळत नाही. थांबायचे असेल, बुटाची नाडी बांधायची असेल किंवा ओळखीच्या माणसाशी बोलायचे असेल, तर कडेला व्हावे. वळण्यापूर्वी एकदा मागे पाहावे.

चालण्याच्या बाजूबद्दल एक गोंधळ नेहमी होतो. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारी वाहने दिसतात, असे आपल्याला सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. सामायिक मार्गावर मात्र सर्वांनीच डावी बाजू धरली, तर सायकलस्वाराला कुठून पुढे जायचे हे निश्चित होते. एकाने डावीकडून आणि दुसऱ्याने उजवीकडून चालायचे ठरवले, तर मधल्या जागेत नागमोडी वळणे घेणे सायकलस्वाराला भाग पडते. दोन ठिकाणचे दोन नियम परस्परविरोधी नाहीत. त्यांच्या पाठीमागची परिस्थिती वेगळी आहे.

तिघे-चौघे एका ओळीत चालत असतील, तर घंटी ऐकताच एकाच बाजूला व्हावे. निम्मे डावीकडे आणि निम्मे उजवीकडे झाले, की सायकलस्वाराला मधून जावे लागते आणि त्यातला कोणी तरी ऐनवेळी दुसऱ्या बाजूला धावतो. कानात दोन्हीकडे श्रवणयंत्रे खुपसून गाणी ऐकत चालणाऱ्याने निदान एक कान मोकळा ठेवावा. हा नियम सायकलस्वारालाही तितकाच लागू आहे.

पादचाऱ्याने सायकलस्वाराची अडचणही समजून घ्यावी. सायकल फार हळू चालवली, तर तोल सांभाळणे कठीण होते आणि ती अधिक डुलू लागते. प्रत्येक थांब्यानंतर पुन्हा वेग घ्यायला अंगमेहनत पडते. दिवसभर बांधकामावर राबून घरी परतणाऱ्याला तर ती अधिकच जाणवते. वाट देता येत असूनही मुद्दाम न देणे, हेदेखील असौजन्यच आहे. शेताच्या अरुंद बांधावर समोरून डोक्यावर ओझे घेतलेली व्यक्ती आली, की मोकळ्या हाताने चालणारा कडेला होतो. ज्याला थांबणे अधिक कष्टाचे, त्याला वाट द्यावी, हे शहाणपण आपल्या गावांनी पूर्वीच आत्मसात केलेले आहे.

जे पाहू किंवा ऐकू शकत नाहीत त्यांच्यासाठी

आतापर्यंतचे सारे नियम समोरच्याला दिसते आणि ऐकू येते, असे गृहीत धरतात. ते नेहमीच खरे नसते. सायकल जवळजवळ निःशब्द चालते. त्यामुळे दृष्टिहीन व्यक्तीला ती येत असल्याचे कळत नाही. पांढरी काठी दिसताच सायकलस्वाराने वेग कमी करून बोलावे: ‘नमस्कार, मी सायकलवर आहे, तुमच्या उजवीकडून जातो.’ नुसती घंटी इथे पुरत नाही, कारण तिच्यातून दिशा कळते, हेतू कळत नाही. काठीवरून सायकल नेणे तर सर्वथा टाळावे; काठी मोडली, तर ती व्यक्ती वाटेतच अडकून पडते.

पदपथावरील पिवळ्या उठावदार फरश्यांचा उपयोगही अनेकांना माहीत नसतो. ही कल्पना जपानमधील सेइइची मियाके यांची. अशा फरश्या १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवण्यात आल्या. लांबट पट्ट्यांची फरशी ‘सरळ चला’ असे सांगते, तर ठिपक्यांची फरशी ‘थांबा, पुढे बदल आहे’ असे सुचवते. त्या फरश्यांवर सायकल उभी करून ठेवणे म्हणजे दृष्टिहीन माणसाची दिशाच हिरावून घेणे होय.

ऐकू न येणाऱ्याची अडचण वेगळी. दोनदा घंटी वाजवूनही कोणी हलत नसेल, तर तो उद्धट आहे, असा निष्कर्ष काढण्याआधी त्याला ऐकू येत नसेल, ही शक्यता ध्यानात घ्यावी. उतारवयात श्रवणशक्ती हळूहळू मंदावते आणि बाहेरून ती दिसत नाही. अशा वेळी तिसऱ्यांदा जोरात घंटी वाजवण्याऐवजी वेग चालण्याइतका करून, त्याच्या नजरेच्या टप्प्यात यावे.

पाऊस आणि अंधार

गोव्यात जून ते सप्टेंबर हे चार महिने नियमांचे स्वरूप बदलून टाकतात. ओल्या चाकावर ब्रेक लगेच धरत नाही. थांबण्याचे अंतर वाढते. फरश्यांवर शेवाळ धरते, रंगवलेले पट्टे निसरडे होतात आणि वळणावर चाक घसरते. त्यातच छत्री धरलेल्या माणसाला कडेचे आणि मागचे कमी दिसते, तर छत्रीवर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात घंटी बुडून जाते. कोरड्या दिवसांतील वेग पावसात निम्मा करावा, हा सोपा हिशेब ठेवला तरी पुरे. डबक्यातून सायकल नेताना शेजारून चालणाऱ्याच्या कपड्यांचे भान ठेवणे, हाही सौजन्याचाच भाग आहे.

अंधारात दिवा दुहेरी काम करतो: वाट दाखवतो आणि आपले अस्तित्व कळवतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असावा. पुढच्या दिव्याचा झोत मात्र जमिनीकडे झुकलेला असावा. समोरच्याच्या डोळ्यांवर मारलेला प्रखर प्रकाश त्याला काही क्षण आंधळा करतो. सायकलीवरील परावर्तकांच्या दर्जासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये आदेश काढला. नव्या सायकलीला लावलेले हे परावर्तक शोभेसाठी नाहीत, ते काढून टाकू नयेत. पादचाऱ्यांनीही पहाटे आणि रात्री फिकट रंगाचे कपडे घालावेत.

कायदा काय सांगतो

सायकल हे मोटार वाहन नाही. म्हणून तिला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवाना लागत नाही. याचा अर्थ सायकलस्वार कायद्याच्या बाहेर आहे, असा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ नुसार, सार्वजनिक मार्गावर कोणतेही वाहन दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे चालवणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम १३८ मध्ये एक पोटकलम घातले. त्यानुसार पादचारी आणि यंत्ररहित वाहने यांच्या सार्वजनिक जागांवरील वावराचे नियमन करणारे नियम राज्य सरकारांना करता येतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने राज्यांना वरील पोटकलमाखाली नियम करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. म्हणजे हा विषय आता केवळ नागरिकांच्या चांगुलपणावर सोडलेला नाही.

तरीही कायद्याची एक मर्यादा मान्य करावी लागते. प्रत्येक वळणावर पोलीस उभा करता येत नाही आणि करूही नये. अपघातानंतर दोष कोणाचा, हे कायदा ठरवतो. अपघातापूर्वीच्या दोन सेकंदांत मात्र माणसांची सवयच कामाला येते.

सारे ओझे नागरिकांवर नको

सौजन्याचा उपदेश करताना एक धोका संभवतो. अरुंद, खाचखळग्यांची, वाहनांनी अडवलेली वाट तशीच ठेवून, ‘तुम्हीच एकमेकांना सांभाळून घ्या’ असे सांगणे सोपे असते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची निर्वेध रुंदी निदान १.८ मीटर असावी. दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना पार करू शकतील, एवढी ही जागा आहे. एवढ्या रुंदीत चालणारे आणि सायकलस्वार दोघेही सामावणे शक्य नाही. त्यावर सायकलीचे चित्र रंगवून तिला सामायिक मार्ग म्हणणे, म्हणजे दोन दुर्बळ घटकांना आपसांत झुंजवणे होय.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांपेक्षा माणसांची ये-जा महत्त्वाची मानली आणि चालणे व सायकल यांना रस्त्यावर जागा देण्याचा पुरस्कार केला. प्रत्यक्षात पदपथावर चढवलेली मोटार दिसते, त्याशेजारी दुचाक्यांची रांग दिसते आणि उरलेल्या वीतभर जागेत पादचारी आणि सायकलस्वार एकमेकांवर डाफरताना दिसतात. मोटार मात्र शांतपणे उभी असते. तिला कोणी काही बोलत नाही. वाद करणाऱ्या दोघांनीही क्षणभर थांबून जागा नेमकी कोणी घेतली, ते पाहिले पाहिजे.

नगरपालिका आणि पंचायतींनी करण्यासारख्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. वाटेच्या दोन्ही टोकांना आणि प्रत्येक प्रवेशस्थानी मराठी, कोकणी आणि इंग्रजीत स्पष्ट फलक लावावेत. जिथे रुंदी आहे, तिथे पट्टे वेगळे करावेत. जिथे नाही, तिथे सायकलस्वाराने उतरण्याची खूण करावी. आंधळ्या वळणावरची झुडपे छाटावीत, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात शेवाळ काढावे, दिव्यांचे खांब चालू ठेवावेत आणि वाटेवर उभ्या केलेल्या वाहनांवर नियमित कारवाई करावी. शाळांतूनही मुलांना सायकल चालवण्याबरोबरच घंटी केव्हा आणि किती अंतरावरून वाजवावी, हे शिकवता येईल.

नागरिकांनीही आपल्या परिसरातील अशा एका वाटेची रुंदी मोजावी, कुठे अडते ते टिपून ठेवावे आणि आपल्या नगरसेवकाला किंवा पंच सदस्याला ते लेखी कळवावे. ते पत्र एकट्या पादचाऱ्याचे किंवा एकट्या सायकलस्वाराचे न राहता, खाली दोघांच्याही सह्या असतील, तर त्याचे वजन वाढेल. एकमेकांना वाट देणारी माणसे एकत्र येऊन मोठी वाट मागू शकतात; भांडणाऱ्यांना ते जमत नाही.